वाचनालयासाठी वर्ड प्रोसेसरची निवड : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५

नौपाड्यातील आमच्या वाचनालयाच्या कार्यालयात दोन संगणक आहेत आणि दोन्हींवर विंडोज १० व ऑफिस २०१६ आहे. या दोन्हींचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत असल्यामुळे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणार नाहीत. पुढील वर्षी अमृतमहोत्सवी स्मरणिका काढायची आहे आणि तिचे लेख दिवाळीनंतर येऊ लागतील. लेख येत असताना प्रणाली बदलणे म्हणजे लग्नघरात रंगकाम काढण्यासारखे होईल, म्हणून कोणता वर्ड प्रोसेसर, म्हणजे मजकूर लिहिण्याची प्रणाली, वापरायचा ते ऑक्टोबरपूर्वी ठरवावे, असा निर्णय कार्यकारिणीने काल घेतला आणि ते काम माझ्याकडे सोपवले.

सभेत दोन मते मांडली गेली. आजवर होते त्याचेच नवे रूप विकत घ्यावे हे एक, आणि फुकट मिळते ते घ्यावे हे दुसरे. कार्यालयात नेमके काय लिहिले जाते, याचा उल्लेख दोन्ही मतांत नव्हता. सुरुवात तिथूनच करायची आहे.

४ जुलै २०२५

गेल्या आर्थिक वर्षातील फायली ग्रंथपालबाईंच्या मदतीने एकेक करून पाहिल्या. सूचनाफलकावरच्या सूचना, सभांची इतिवृत्ते आणि पावत्यांसोबतची पत्रे हा मोठा भाग आहे. हे कागद इथेच टंकित होतात, इथेच छापले जातात आणि इथेच फायलीला लागतात. त्यांच्यासाठी कोणतीही प्रणाली चालेल. दुसरा गट बाहेर जाणाऱ्या, पण परत न येणाऱ्या कागदांचा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असल्याने जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे पाठवायचा वार्षिक अहवाल हे त्याचे उदाहरण. तो पीडीएफ स्वरूपात किंवा छापील जातो, म्हणजे कोणत्या प्रणालीत लिहिला याच्याशी तिकडे कोणाला कर्तव्य नसते.

अडचण तिसऱ्या गटात आहे. संस्थेच्या घटनेतील दुरुस्तीचा मसुदा वकिलांकडे जातो आणि खाडाखोड होऊन परत येतो. लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांना दिलेली उत्तरेही अशीच दोनदोनदा ये-जा करतात. स्मरणिका तर अनेक हातांतून जाणार आहे: लेखक, संपादक मंडळ, मुद्रितशोधक आणि शेवटी छापखाना. याखेरीज सभासदांना वर्षातून एकदा नाव-पत्त्यासह जाणारे सर्वसाधारण सभेचे निमंत्रण आहे, ज्याला मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतील नावे-पत्ते आपोआप भरण्याची सोय, लागते.

यावरून निवडीची कसोटी सापडली असे मला वाटते. कोणत्या प्रणालीत किती सोयी आहेत हे नंतर पाहता येईल. आपला कागद दुसऱ्याच्या हातात जाऊन परत आला तर तो तसाच राहतो का, हे आधी पाहावे लागेल. मराठीच्या बाबतीत ‘तसाच राहणे’ याचा अर्थ इंग्रजीपेक्षा बराच व्यापक आहे.

९ जुलै २०२५

आज जुन्या फायली पाहिल्या. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रणालीच्या फायलींत आहे आणि त्यात वापरलेला फॉन्ट आताच्या संगणकांवर नाही. त्यामुळे फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि उच्चारखुणा यांची गर्दी दिसते.

कारण नव्या सभासदांसाठी लिहून ठेवतो. त्या काळच्या फॉन्टला २५६ जागांचे बंधन होते आणि त्या जागा रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या होत्या. फॉन्ट तयार करणाऱ्यांनी त्याच जागांवर काना, वेलांटी, अर्धा त, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपीचे जुने फॉन्ट हे सारे याच तत्त्वावर चालत. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असे. त्या काळी महाराष्ट्रातील छपाई या फॉन्टनी सांभाळली, हे त्यांचे श्रेय आहेच. मात्र अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही आणि फॉन्ट हरवला की मजकूरही हरवतो. १९९१ मध्ये भारतीय लिपींच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणारी इस्की ही पद्धत भारतीय मानक म्हणून आली आणि त्याच वर्षी जगातील लिपींसाठी हेच काम करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. तिथे ‘क’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च असतो.

यातून पहिली अट ठरली: येथून पुढे वाचनालयाचे एकही अक्षर युनिकोडबाहेर लिहायचे नाही. ही अट कोणत्याही प्रणालीच्या निवडीपेक्षा मोठी आहे, कारण प्रणाली दर पाचदहा वर्षांनी बदलतेच, मजकूर मात्र तोच असतो.

जुना मजकूर सोडवण्याचा मार्ग आहे. लिब्रेऑफिस या विनामूल्य कार्यालयीन संचाच्या ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली त्याच्या ड्रॉ या चित्रांच्या भागात उघडता येतात. तेथून मजकूर काढून जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या रूपांतरकाला द्यायचा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार पूर्ण अक्षरानंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा ‘र’ सर्वांत आधी. रूपांतरकाला ही अदलाबदल करावी लागते, आणि ‘निर्मिती’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र आले की ती फसण्याचा संभव अधिक. तेव्हा रूपांतरानंतर मुद्रितशोधन टळत नाही. हे काम स्वतंत्र धरावे.

१४ जुलै २०२५

सर्व प्रणालींना लावायचे एक चाचणी-पान तयार केले. त्यात शोभेचे वाक्य एकही नाही. वाचनालयाच्या कागदांत खरोखर येणारी आणि संगणकाला जड जाणारी अक्षरे वेचून घेतली आहेत.

पहिली जागा ‘ॲड.’ची. आमच्या देणगीदारांच्या यादीत वकील बरेच आहेत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी, आणि काही कळफलकांवर आजही, ‘अ’ लिहून त्यावर चंद्र दिला जातो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळे. त्यामुळे यादीत ‘ॲड.’ शोधले तर काही वकील सापडतात आणि काही गायब असतात. दुसरी जागा ‘तऱ्हा’, ‘बिऱ्हाड’, ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या र ची. हा र मराठीला रोज लागतो आणि तोही दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडखूण घालून. ही जोडखूण घालायची राहून गेली की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि पारसिकच्या डोंगरात समुद्र उसळतो. शोधताना येथेही तीच फसगत.

तिसरी जागा ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाची. मराठी आणि हिंदी वळण वेगळे असले तरी युनिकोडमधील स्थान एकच आहे, म्हणजे कोणते वळण उमटेल हे फॉन्ट ठरवतो. मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण दिली असता मराठी वळण देणारे फॉन्ट आहेत. परंतु ही सोय प्रत्येक प्रणालीत सारखीच चालेल असे धरून चालू नये. फॉन्टच मराठी वळणाचा निवडलेला बरा.

चौथी बाब क्रमवारीची. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडमधील निव्वळ स्थानक्रम पाहिला तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आहे, आणि ‘क्ष’ हे क, हलन्त, ष असे तीन खुणांचे मिळून बनत असल्यामुळे ते ‘क’च्या रांगेत जाते. म्हणून लेखक-सूची लावताना क्रमवारीची भाषा मराठी आहे ना, हे तपासणे चाचणीत ठेवले. यावरूनच आणखी एक गोष्ट ठरली: लेखकांना मर्यादा शब्दांत सांगायची, अक्षरांत नाही. ‘क्षी’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार.

१८ जुलै २०२५

कळफलकाचा प्रश्न आज मिटवला. आमच्या लेखनिकांचा हात टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला आहे आणि त्यांचा वेग पाहता तो मोडणे योग्य नाही. युनिकोडमध्ये रेमिंग्टन मांडणी देणारी साधने मिळतात, ती त्यांना द्यावीत. नव्याने शिकणाऱ्यांसाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची प्रमाण मांडणी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही रचना एकदा समजली की चार्ट फार दिवस लागत नाही, आणि ‘ऱ’ला तिथे स्वतःची जागा आहे, ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलकही आहे. कळफलक ही संगणकाची बाब आहे, वर्ड प्रोसेसरची नव्हे, तेव्हा निवडीवर त्याचा परिणाम होत नाही.

२४ जुलै २०२५

वर्ड तपासले. देवनागरीची जुळणी निर्दोष आहे आणि चाचणी-पानावरील प्रत्येक अक्षर योग्य उमटले.

एक गोष्ट मात्र कार्यालयातील प्रत्येकाने जाणून घ्यायला हवी. वर्डच्या स्टाइलमध्ये, म्हणजे फॉन्ट, आकार आणि अंतर एका नावाखाली ठरवून ठेवलेल्या साच्यात, रोमन मजकुराचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरी ज्यात मोडते त्या जटिल लिपींचा फॉन्ट वेगळा असतो, आकारही वेगळा. वरच्या पट्टीवरून फॉन्ट बदलत राहिले की एका परिच्छेदात मंगल, दुसऱ्यात निर्मला, तिसऱ्यात आणखी काही, अशी खिचडी होते, आणि मग ओळींमधील अंतर का बदलते ते कोणालाच कळत नाही. उपाय एकच: फॉन्ट स्टाइलमध्ये ठरवायचा, दोन्ही लिपींसाठी, आणि मजकुराला फक्त स्टाइल द्यायची.

वर्डचे खरे बळ तिसऱ्या गटात दिसते. बदलांची नोंद ठेवून मसुदा पाठवणे, समोरच्याचे बदल एकेक करून स्वीकारणे वा नाकारणे, दोन मसुद्यांची तुलना करणे, हे तिथे चोख आहे आणि वकिलांच्या कार्यालयात तेच वापरात आहे. कलमांच्या क्रमांकांत मात्र एक गंमत. वर्डच्या क्रमांकपद्धतींत क, ख, ग आहे आणि अ, आ, इ आहे. पण आपल्याकडील कायदेशीर मसुद्यांत रूढ असलेली अ, ब, क, ड ही पद्धत नाही. ती हातानेच घालावी लागते आणि मध्ये एक पोटकलम वाढले की पुढची सगळी हातानेच सरकवावी लागतात.

३१ जुलै २०२५

लिब्रेऑफिसचा रायटर हा लेखनाचा भाग तपासला. ओपनऑफिस डॉट ऑर्ग या प्रकल्पापासून २०१० मध्ये वेगळा झालेला हा संच मुक्त परवान्याचा असून संस्थेच्या कामासाठीही विनामूल्य वापरता येतो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि त्याचे मेनू मराठीत करून घेता येतात. लेखनिकांनी मेनू इंग्रजीतच ठेवले, कारण ते शब्द हाताशी असलेले आहेत. ग्रंथपालबाईंनी मराठी केले. दोघांचे काम अडले नाही.

येथेही जटिल लिपींचा फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो आणि तो पर्याय आधी भाषेच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. तो चालू केल्याशिवाय मराठीसाठी रायटर वापरून पाहणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. देवनागरीची जुळणी येथेही पूर्ण बरोबर आली.

पुस्तकी कामासाठी मला रायटरची रचना अधिक पसंत पडली. त्यात परिच्छेदाप्रमाणेच पानालाही स्टाइल असते: लेखाचे पहिले पान, डावे पान, उजवे पान, प्रत्येकाचे समास आणि शीर्षपट्टी एकदाच ठरवायची. वर्डमध्ये हेच काम विभाग पाडून करावे लागते आणि एखादा विभाग चुकून पुसला गेला की पानांची घडी विस्कटते. अनुक्रमणिका, तळटीपा, सूची दोन्हींत आहेत. मेल मर्जसाठी कॅल्क या त्याच संचातील तक्त्यांच्या भागातील सभासद-यादी जोडून निमंत्रणांचा नमुना काढला. पत्त्यांची लेबलेही निघाली.

आता देवाणघेवाण. रायटरची स्वतःची फाइल ओडीटी, जी २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्डची डॉकएक्स २००८ पासून. दोन्ही म्हणजे आतून एक झिप गठ्ठा, ज्यात मजकूर एक्सएमएल या खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असतो. त्यामुळे एखादी फाइल बिघडली तरी मजकूर बाहेर काढण्याची आशा असते. वर्डच्या जुन्या डीओसी फायलींचे तसे नव्हते. रायटर डॉकएक्स उघडतो आणि साठवतोही. चाचणीत मजकूर, तळटीपा आणि बदलांच्या नोंदी सुखरूप आल्या. पाने मात्र सरकली. कारण शोधले तर ते फॉन्टमध्ये सापडले. मूळ फाइल मंगलमध्ये होती, लिनक्सवरच्या संगणकावर मंगल नाही, त्याची जागा दुसऱ्या फॉन्टने घेतली आणि त्याच्या ओळीची उंची वेगळी असल्याने वीस ओळींचे पान अठरा ओळींत संपले. दोन्हीकडे एकच फॉन्ट घातल्यावर साधी पत्रे आणि इतिवृत्ते जागच्या जागी राहिली. तरंगत्या चौकटी आणि गुंतागुंतीचे तक्ते असलेल्या फायलींविषयी अशी हमी देता येत नाही. तसे कागद एका प्रणालीत सुरू करून त्याच प्रणालीत संपवावेत.

७ ऑगस्ट २०२५

गूगल डॉक्स स्मरणिकेच्या संपादक मंडळासह तपासले. त्यातील दोघे ठाण्यात, एक नेरुळला आणि एक पुण्याला असतात; पावसात तलावपाळीपर्यंत या म्हणण्यापेक्षा एकाच फाइलवर सगळ्यांनी घरून काम करणे सोयीचे. सुचवणीच्या पद्धतीत प्रत्येकाचा बदल नावासह दिसतो, मागच्या आवृत्त्या जपल्या जातात आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम नवी खरी’ अशा नावांच्या फायली जन्माला येत नाहीत. एवढ्या एका कारणासाठीही मी हे साधन सुचवीन.

वयस्कर लेखकांपैकी काहींना टंकन जमत नाही. त्यांच्यासाठी क्रोम ब्राउझरमधील बोलून लिहिण्याची सोय मराठीतही आहे. विरामचिन्हे मात्र नंतर हाताने घालावी लागतात, म्हणजे लेख आला की एका सलग वाक्याचे परिच्छेद करणे हे संपादकांचे काम. हस्तलिखित टंकित करण्यापेक्षा ते हलके आहे.

मर्यादा स्पष्ट आहेत. संगणकावर बसवलेला फॉन्ट तिथे वापरता येत नाही. गूगलच्या संग्रहातील जे आहेत तेच. मेल मर्ज मूळ स्वरूपात नाही. शब्दसूची तयार करण्याची सोय नाही. इंटरनेट गेले की आधी तशी तजवीज केलेली नसेल तर काम थांबते. आणि फाइल कोणाच्या खात्यात आहे हा प्रश्न लहान नाही: पदाधिकारी बदलले की त्यांच्या वैयक्तिक खात्यातील कागद त्यांच्यासोबत जातात. संस्थेचे स्वतंत्र खाते असावे आणि त्याचा पासवर्ड कार्यवाहांच्या लखोट्यात बंद असावा.

१३ ऑगस्ट २०२५

शुद्धलेखन तपासणी. वर्डसाठी मराठीचा भाषासंच आणि रायटरसाठी मराठी शब्दकोशाचा विस्तार, दोन्ही वेगळे बसवून घ्यावे लागतात. मराठी शब्द सामान्यरूप आणि प्रत्यय घेऊन इतकी रूपे धारण करतो की ‘वाचनालयांमधूनसुद्धा’ हा निर्दोष शब्दही कोशाला अनोळखी वाटण्याचा संभव असतो. उलट, ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतील कोणताही शब्द कुठेही बसला तरी तो शब्द म्हणून बरोबरच असल्याने लाल रेघ येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम जाणणारा मुद्रितशोधक लागणारच. म्हणून या निकषाला निवडीत मी फारसे वजन देत नाही. टंकनातील ढोबळ दोष, जसे दोनदा पडलेला काना, दोन्ही साधने पकडतात आणि तेवढे पुरे आहे.

२२ ऑगस्ट २०२५

लिब्रेऑफिसची २५.८ ही आवृत्ती परवा आली. विंडोज ७ आणि ८ यांना ती चालत नाही. आपल्याला त्याने फरक पडत नाही, पण घरी जुना संगणक असलेल्या लेखकांना सांगावे लागेल.

एका सभासदांनी अपाचे ओपनऑफिसचे नाव सुचवले होते. ते डॉकएक्स उघडते, परंतु त्या स्वरूपात साठवत नाही. ये-जा करणाऱ्या कागदांसाठी ते बाद. दुसऱ्यांनी विचारले की साध्या पत्रांना विंडोजसोबत मिळणारे वर्डपॅड का नको. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून वर्डपॅड काढून टाकलेले आहे. गणपतीपर्यंत आता काही नवे हाती घेत नाही.

१० सप्टेंबर २०२५

वागळे इस्टेटमधील दोन छापखान्यांत जाऊन आलो. या भेटीने निवडीचे चित्र बरेच बदलले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या ठिकाणी पानांची मांडणी अजून पेजमेकरमध्ये होते. काम सुबक आहे आणि दरही कमी आहे. परंतु पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची; तिला युनिकोड समजत नाही. म्हणजे आपण युनिकोडमध्ये दिलेला मजकूर तिथे पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित होणार, त्यात वेलांट्या आणि रफार हलण्याची शक्यता, म्हणून मुद्रितशोधन पुन्हा, आणि शेवटच्या प्रुफात झालेल्या दुरुस्त्या फक्त त्यांच्या फाइलमध्ये राहणार. पंचवीस वर्षांनी शतकमहोत्सवी समितीला पुन्हा ९ जुलैची नोंद लिहावी लागेल.

दुसऱ्या ठिकाणी इनडिझाइन ही पाने मांडण्याची नवी प्रणाली आहे. २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीपासून त्यात भारतीय लिपींची योग्य जुळणी करणारा घटक आहे. तो निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात, एवढे लक्षात ठेवायचे. तेथील मांडणीकाराने सांगितलेली गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटली. फाइल कोणत्या प्रणालीतली आहे याने त्यांना फरक पडत नाही, आत स्टाइल आहेत की नाहीत याने पडतो. लेखाचे नाव ‘शीर्षक’, लेखकाचे नाव ‘लेखक’, अवतरणे ‘अवतरण’ अशा स्टाइलमध्ये असतील तर डॉकएक्स आत घेताच सर्व मजकूर त्यांच्या नमुन्यात जाऊन बसतो. नाव ठळक करून, आकार वाढवून, स्पेसबार दाबत मध्यावर आणलेले असेल तर ते सगळे पुसून पुन्हा करावे लागते, आणि त्या कामाचे वेगळे पैसे पडतात.

छपाईचा खर्च थोडा वाढेल, पण दुसरे मुद्रितशोधन वाचेल आणि अंतिम दुरुस्त मजकूर युनिकोडमध्येच आपल्याकडे परत येईल. दुसऱ्या छापखान्याची शिफारस करतो.

१६ सप्टेंबर २०२५

परवाने. घरगुती वापरासाठीचा स्वस्त ऑफिस संच संस्थेच्या कामासाठी नसतो. त्यासाठी होम अँड बिझनेस २०२४ हा एकदाच विकत घेण्याचा संच आहे, एका परवान्यावर एक संगणक, आणि त्याचा आधार ऑक्टोबर २०२९ पर्यंत. वर्गणीचा पर्याय दरवर्षी अंदाजपत्रकात धरावा लागेल आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने असा कायमचा खर्च अंगावर घेऊ नये असे माझे मत आहे. दोन संगणकांपैकी एक विंडोज ११ च्या अटींत बसतो, दुसरा बसत नाही. दुसऱ्यावर लिनक्स घालून लेखनाचे काम सुखाने करता येईल.

२४ सप्टेंबर २०२५

कार्यकारिणीपुढे शिफारस ठेवली आणि ती किरकोळ चर्चेनंतर मान्य झाली. कार्यालयाचे रोजचे काम, वार्षिक अहवाल आणि सभासदांची निमंत्रणे दोन्ही संगणकांवर रायटरमध्ये होतील. वकील आणि लेखापरीक्षक यांच्याशी ये-जा करणाऱ्या मसुद्यांसाठी विंडोज ११ च्या संगणकावर वर्डचा एक परवाना घ्यायचा. तेवढेच कागद त्यात सुरू होतील आणि त्यातच संपतील. स्मरणिकेचे लेख संस्थेच्या खात्यावर गूगल डॉक्समध्ये गोळा होऊन तिथेच संपादित होतील. संपादक मंडळाने लेख पक्का केला की तो डॉकएक्स करून रायटरमध्ये आणायचा, स्टाइल आणि सूची तपासायची, आणि छापखान्याला द्यायचा. त्या क्षणानंतर गूगलवरील प्रतीत कोणी हात घालायचा नाही. ती फक्त वाचण्यापुरती खुली राहील.

तीन प्रणाली कशाला, असा आक्षेप कोषाध्यक्षांनी घेतला. तो रास्त आहे. माझे उत्तर असे की फॉन्ट, स्टाइलची नावे आणि युनिकोड हे तिन्हीकडे एकच ठेवले तर मजकूर कुठेही गेला तरी ओळखीचा राहतो. एकाच प्रणालीचा आग्रह धरला तर वकिलांना किंवा पुण्याच्या संपादकांना आपल्या सोयीने वागायला लावावे लागेल, आणि ते होणार नाही.

६ ऑक्टोबर २०२५

फॉन्ट ठरले. स्मरणिकेच्या मजकुराला तिरो देवनागरी मराठी, ज्याचे मूळ वळणच मराठी आहे. त्यात ठळक अक्षरे नाहीत, म्हणून शीर्षकांना आणि कार्यालयीन पत्रांना मुक्ता, जो मुंबईच्या एक टाइपने घडवलेला आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे असल्यामुळे विंडोज, लिनक्स, गूगल डॉक्स आणि छापखाना या चारही ठिकाणी तेच वापरता येतात. फॉन्टच्या फायली सर्व संगणकांवर बसवल्या आणि मूळ प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवली.

पत्र, इतिवृत्त आणि लेख यांचे नमुने तयार झाले. इतिवृत्ताची मूळ फाइल ओडीटीमध्ये ठेवायची आणि सही झाल्यावर तिचीच पीडीएफ-ए या जतनाच्या स्वरूपातील प्रत शेजारी. केवळ पीडीएफ ठेवून भागणार नाही, कारण पीडीएफमधून देवनागरी मजकूर परत काढताना मात्रा आणि जोडाक्षरांची उलथापालथ होऊ शकते.

देणगीदारांच्या यादीतील ‘ॲ’ आणि अर्धा र यांची दुहेरी रूपे शोधा-बदला वापरून एका रूपात आणली; यादी मराठी क्रमाने पुन्हा लावली. लेखनिकांचे स्टाइलवरचे प्रशिक्षण येत्या शनिवारी. वर्डच्या परवान्याची मागणी कोषाध्यक्षांकडे दिली आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या पेजमेकर फायलींचे रूपांतर दिवाळीनंतर ग्रंथपालबाई पाहतील. मुद्रितशोधनासाठी छापील प्रत कपाट क्रमांक ४ मधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.